सहा महिने उलटल्यानंतरचा हात

पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: सहा महिने होऊन गेले, आता हात परत येईल का? हा आकडा कोणी सांगितला, असे विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही. कोणाला तो शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या भावाने सांगितलेला असतो, तर कोणाला इस्पितळातून घरी सोडतानाच्या गडबडीत कानावर पडलेला असतो. गेल्या वर्षी शिगम्याच्या सुमारास गोव्यातील फोंडा तालुक्यातून आलेले एक जोडपे हाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, मी हे लिहीत आहे.

काकांचे वय एकसष्ट. दिवसा कुळागराची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेची, देखभाल आणि संध्याकाळी देवळातील भजनात पेटी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. घरात बोलणे कोकणीत आणि भजन मराठीत, ही आपल्याकडील जुनीच रीत. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना त्यांच्या डाव्या हातातून दोर दोनदा निसटला आणि तिसऱ्यांदा तो उचलताच आला नाही. मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. पाय दीड-दोन महिन्यांत बऱ्यापैकी सावरला. हात मात्र मांडीवरच राहिला.

पहिल्या भेटीत मी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा पुढे केला. काकांनी तो उजव्या हाताने घेतला आणि क्षणभर डाव्या हाताकडे पाहिले. त्या हाताचे मनगट किंचित वर आले, अंगठा तर्जनीपासून जेमतेम सुटला. एवढ्यात काकींनी पुडा स्वतःकडे घेऊन फाडला आणि एक बिस्किट काढून त्यांच्या उजव्या हातात दिले. अंगठा पुन्हा मिटला. हे इतक्या सवयीने घडले की दोघांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही, आणि मलाही ते वहीत टिपून ठेवण्यापलीकडे त्या वेळी काही सुचले नाही.

सहा महिन्यांची गोष्ट अगदीच निराधार नाही, हे मी त्यांना प्रथम सांगितले. पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदू आपणहून वेगाने सावरत असतो: जखमेभोवतीची सूज ओसरते, निपचित पडलेले भाग पुन्हा कामाला लागतात, शेजारच्या पेशींमध्ये नवे दुवे जुळतात. हा वेग तीन ते सहा महिन्यांत बराच मंदावतो. अमेरिकेत 72 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या उपचारांखेरीज हाताचा 20 तासांचा जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर देऊन पाहिला गेला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सराव मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला, तर सहा महिन्यांनंतर सराव मिळालेल्यांत ठळक फरक आढळला नाही. हे ऐकून काकींचा चेहरा उतरला; तरीही ते सांगणे मला आवश्यक वाटले, कारण अर्धवट दिलासा पुढे आपल्याच अंगावर येतो.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे. लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील पथकाने तीन आठवड्यांत 90 तास असा कसून सराव घेतलेल्या 224 रुग्णांची नोंद 2019 साली प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्या रुग्णांच्या पक्षाघाताला दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटलेला होता. तरीही हाताची हालचाल आणि उपयोग सुधारला, व ती सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती. तुलनेसाठी सराव न मिळालेला गट तिथे नव्हता, हे खरे. पण 20 तासांनी जे साधत नाही ते 90 तासांनी काही अंशी साधू शकते, असे मला या दोन्हींतून वाटते. आपोआप भरून येण्याचा काळ सरला म्हणून शिकण्याचा काळही सरला, असे त्यातून ठरत नाही.

मग काकींनी खालच्या आवाजात आपली खरी टोचणी सांगितली. चवथ, मग सुतक, मग कुळागरातील कामे, यांत पहिल्या दोन महिन्यांत व्यायामाकडे हवे तसे लक्ष देता आले नाही. हात राहिला तो त्यामुळेच, असे त्यांनी मनाशी धरले होते. अशा वेळी मी भारतातच झालेल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला देते. देशातील 14 इस्पितळांमधील 1250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम करून घेण्याचे रीतसर प्रशिक्षण देण्यात आले, आणि 2017 साली निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्यांचे अथवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के, निघाले. संशोधकांच्या दृष्टीने ही निराशा होती. घरच्या बाईच्या दृष्टीने मात्र तो निर्दोषत्वाचा दाखला आहे. काकी बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत बसल्या.

दुसऱ्या भेटीला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा मुलगा आला. त्याच्या मोबाइलवर एका डच गृहस्थाचा व्हिडिओ होता: मेंदूवर आणि मणक्यात बसवलेल्या यंत्रांच्या साहाय्याने, केवळ मनात आणून तो चालत होता. ते संशोधन स्वित्झर्लंडमधील लोझान येथील असून 2023 साली प्रसिद्ध झाले, आणि ते खरेच आहे. पण त्या गृहस्थाचा मेंदू शाबूत होता, इजा मज्जारज्जूला होती, म्हणजे निरोप धाडणारा ठीक होता आणि वाट तुटली होती. काकांच्या बाबतीत निरोप जिथून निघतो तिथेच घाव आहे, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला जशाचा तसा लागू पडत नाही. मुलाचा मुख्य प्रश्न मात्र वेगळाच होता. परराज्यातील एका केंद्राने मूलपेशींची इंजेक्शने देऊन हात पूर्ववत करण्याची हमी दिली होती आणि त्यापायी कुळागराचा एक तुकडा विकण्याची बोलणी सुरू होती. भारतातील पाच केंद्रांमध्ये 120 पक्षाघात रुग्णांवर झालेल्या चाचणीत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून दिल्याने कोणताही लाभ आढळला नाही, हे 2014 सालीच प्रसिद्ध झालेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी असा प्रयोग मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. जमीन विकू नका, असे एरवी मी कोणाला सांगत नाही. त्या दिवशी सांगितले.

काका दोन्ही भेटींत फारसे बोलले नव्हते. एकदाच म्हणाले, ‘‘ती पेटी कोणाला तरी देऊन टाका, मॅडम.’’ पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना केव्हा ना केव्हा नैराश्य येते, आणि घरच्यांना ते आळस किंवा हट्ट वाटते. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी हातही सुधारेल का, असे मुलाने विचारले. तशी आशा एकेकाळी होती, परंतु ब्रिटनमध्ये 3127 रुग्णांवर झालेल्या चाचणीने 2018 साली ती मोडीत काढली. गोळ्या मनासाठी होत्या, आणि तेवढे काम त्यांनी केले.

बिस्किटाच्या पुड्याचा विषय मी तिसऱ्या भेटीत काढला. एडवर्ड टाउब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना माकडांवरील प्रयोगांत असे दिसले होते, की संवेदना गेलेला हात हलवण्याची क्षमता असूनही प्राणी तो वापरणे सोडून देतो, आणि चांगला हात बांधला की पुन्हा वापरू लागतो. त्यावर आधारलेला उपचार 222 रुग्णांवर तपासला गेला व 2006 साली त्याचे चांगले निष्कर्ष आले: दोन आठवडे चांगल्या हातावर जाड मोजा आणि दुबळ्या हाताचा रोज अनेक तास सराव. अट एकच, मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता आली पाहिजेत. काकांची उघडत होती. पण या घरात त्यांच्या उजव्या हाताच्या जोडीला काकींचे दोन हात होते, मग डाव्याला काम उरणार कुठून?

इथे माझी चूक झाली. ‘‘काकी, त्यांच्यासाठी काहीही करू नका,’’ असे मी सरसकट सांगून टाकले. दुसऱ्याच दिवशी काकी हाताची घडी घालून बसल्या, काका अर्धा तास शर्टाशी झुंजले आणि शेवटी तो त्यांनी भिरकावला. आठवडाभर अबोला राहिला. मग फिजिओथेरपिस्टला सोबत घेऊन आम्ही दोनच कामे निवडली, ताटाची कड डाव्या हाताने धरणे आणि शर्टाची खालची बटणे. बाकी सर्व पूर्वीप्रमाणे. मोज्याचा प्रयोगही फिजिओथेरपिस्टच्याच देखरेखीखाली, बसून आणि थोडाच वेळ करायचा, असे ठरले, कारण तोल गेला तर सावरायला हात मोकळा हवा.

सरावाची खरी अडचण संख्येची असते. उपचाराच्या नेहमीच्या बैठकीत दुबळ्या हाताची उपयोगी हालचाल सरासरी 32 वेळाच होते, असे 2009 च्या एका पाहणीत आढळले होते. प्राण्यांवरील प्रयोगांत ती शेकडो वेळा करून घेतात. काकांना एका थाळीतील सुपाऱ्या एकेक उचलून दुसऱ्या थाळीत टाकायच्या होत्या, दिवसाला तीनशे. शंभराच्या आतच ते कंटाळत. एके दिवशी त्यांनी मोजणेच बदलले. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, मात्रेला एक सुपारी, आठ सुपाऱ्यांचे एक आवर्तन. चाळीस आवर्तने झाली की तीनशे वीस. काकी शेजारी बसून संथ लयीत टाळ धरू लागल्या. पहिल्या दिवशी पाच आवर्तनांवर बोटे आखडली. काकी मदतीला पुढे सरसावल्या तेव्हा काका म्हणाले, ‘‘राव, हांव करतां,’’ म्हणजे थांब, मी करतो, आणि काकींनी टाळ पुन्हा उचलले.

आषाढी एकादशीला काकांनी देवळात पेटीचा भाता मारला. बोटे भात्याच्या कडेवर त्यांनी उजव्या हाताने नेऊन ठेवली आणि एक अभंग पुरा केला. दुसऱ्या अभंगात खांदा उचलू लागला, तेव्हा शेजारच्या मुलाने भाता घेतला. मूठ वळते, पण ती झटकन उघडत नाही, आणि सुरांवर तो हात फिरेल असे फिजिओथेरपिस्ट म्हणत नाहीत. शर्टाची वरची बटणे अजून काकीच लावतात. खालची दोन काका लावतात, आणि त्यासाठी देवळात जायला निघण्याची वेळ त्यांनी दहा मिनिटे अलीकडे घेतली आहे.