दारूगोळ्यातली दारू

प्रश्न असा आहे: ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’ यांतली दारू आणि प्यायची दारू हा एकच शब्द, की उच्चाराने जुळलेले दोन वेगळे? आणि एकच असेल, तर स्फोटकाला दारू म्हणायचं कुणाला सुचलं?

शब्द एकच. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. मराठीत हा मूळ अर्थ ‘दवादारू’मध्ये टिकून आहे. ‘म्हातारीच्या दवादारूला पैसे नाहीत’ म्हटल्यावर बाटली कुणी मनात आणत नाही. औषधी अर्क-आसवांवरून मद्याकडे यायला अर्थाला फार चालावं लागत नाही. खरी गंमत बंदुकीच्या दारूची आहे.

हे मिश्रण सापडलं चीनमध्ये, आणि सापडलं ते आयुष्य वाढवणारं रसायन शोधणाऱ्या लोकांच्या हातून. नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेल्या एका ताओपंथी ग्रंथात ताकीद दिली आहे, की गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं एक खनिज) आणि सोरा (पोटॅशियम नायट्रेट) मधात घालून तापवणाऱ्यांचे हात-तोंड भाजले आणि घरंही जळाली. पुढे १०४४च्या एका चिनी युद्धग्रंथात या मिश्रणाच्या कृतीच नोंदवलेल्या दिसतात. चिनी भाषेत त्याला नाव पडलं ‘हुओयाओ’, म्हणजे आगीचं औषध. आजही तिथे तोच शब्द चालतो. अरबी लेखकांनीही या मिश्रणाला ‘दवा’ म्हटलेलं आहे. नाव एका भाषेने दुसरीचं पाहून घेतलं असेल किंवा कुटून, चाळून, तोलून केलेली पूड म्हणजे औषधच, असं प्रत्येकीला स्वतंत्रपणे वाटलं असेल. मला दुसरं जास्त पटतं. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक, हे प्रमाण वैद्याच्या चूर्णासारखंच तर आहे.

आपल्याकडे ही विद्या फारसी वापरणाऱ्या दरबारांतून पसरली आणि सोबत शब्दही आले. तोफ हा मुळात तुर्की ‘तोप’. तुर्कीत त्याचा अर्थ चेंडूही होतो आणि तोफही. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा तोफेच्या दरवाजाच्या नावाने ओळखला जातो. बंदूक अरबीतून आली, तिथे ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ आणि त्यावरून छोटी गोळी. काडतूस मात्र पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून.

मराठीत दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, कारण जोडशब्द त्यांना वेगळं ठेवतात. दारूगोळा, दारूखाना, दारूकाम इथे पूड. दारुडा, दारूबाज, दारूभट्टी, दारूबंदी इथे पेय. किल्ल्याच्या जुन्या कागदांत नुसती ‘दारू’ आली तर बहुतेक वेळा ती कोठारातलीच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत: तो घराजवळ, घराच्या वाऱ्याखाली नसावा, त्याला तळघर असावं, मडकी माचावर ठेवावीत, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावी. सोरा ओल धरतो आणि ओली दारू पेटत नाही, म्हणून ही सगळी यातायात. ‘फुसका बार’ हा आपला रोजचा शब्द याच घराण्यातला. बार म्हणजे एका वेळी ठासायची दारू. लग्नाचा बार उडवतात तोही हाच.

जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांनी आणखी दोन शब्दांपाशी थांबावं. एक ‘रंजक’. बंदुकीच्या किंवा तोफेच्या कानावर घालायची बारीक दारू ती रंजक. तिला बत्ती लागली की आतला बार पेटतो. मनोरंजनाशी तिचा संबंध लावू नये. शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकत, म्हणजे रंजक आत पोचतच नसे.

दुसरा ‘बाण’. अठराव्या शतकातल्या लढाईच्या वर्णनात उंटांवरून बाण लादून चालले असतील, तर ते धनुष्याचे बाण समजू नयेत. तो दारू भरून पेटवून सोडायचा अग्निबाण. दिवाळीतला बाण त्याचाच नातेवाईक. म्हैसूरकरांचे लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी श्रीरंगपट्टणच्या लढायांत अंगावर झेलले, आणि मग विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून इंग्लंडमध्ये आपले बाण घडवले. शाळेच्या पुस्तकासाठी एखादा उतारा सोपा करताना तिथे धनुष्यबाणाचं चित्र छापलं जातं, ते चूक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची स्फोटकं आली आणि बंदुकीतून ही जुनी काळी दारू हटली. पण १८६९ साली सुरू झालेला खडकीचा कारखाना आजही मराठीत ‘दारूगोळा कारखाना’च आहे.