१२३४५६७८९० ला भाग जाईना

प्रश्न : सर नमस्कार, मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. सौदे उरकले की दुपारी जरा निवांत असतं, तेव्हा कॅल्क्युलेटरवर १२३४५६७८९० दाबलं, ९० नं भागलं तर १३७१७४२१ आले, पण त्याच्या पुढं गाडी हलेना. ३ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघितल्या, एकीनंही भाग जात नाही. मग ही मूळ संख्याच धरायची का? आणि हेच दहा आकडे उलटसुलट करून एखादी मूळ संख्या होईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दिवाणजी, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या गोदामातच आहे. हमाल नऊ-नऊ पोत्यांची थप्पी लावतोय असं धरा. दहा पोती आली तर एक थप्पी होऊन एक पोतं उरतं, शंभर आली तर ११ थप्प्या आणि परत एकच, हजार आली तरी एकच. तुमच्या संख्येत हजाराच्या घरात ७ आहे, म्हणजे त्या ७ हजारांतनं ७ पोती उरणार, शेकड्याच्या ८ मधनं ८, असं करत शेवटी उरतात ते नुसते आकडेच, आणि ० ते ९ ची बेरीज ४५, त्याच्या बरोबर ५ थप्प्या. आकडे कसेही फिरवा, ४५ काही बदलत नाही. शून्य पुढं न ठेवता अशा ३२ लाख ६५ हजार ९२० संख्या होतात, त्या सगळ्यांना ९ नं भाग जातो, मूळ एकही नाही.

आता १३७१७४२१. ही पण मूळ नाही, पण तिचा सगळ्यात लहान अवयव ३६०७ आहे आणि त्याच्या आधी ५०३ मूळ संख्या येतात, एकेक लावायची तर दुपार पुरायची नाही. इथं सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरा, मला ती फार म्हणजे फार आवडते. वर्गमूळ काढा, ३७०३ च्या जरा वर येतं. म्हणून ३७०४ चा वर्ग घ्या, १३७१९६१६, त्यातनं आपली संख्या वजा केली की २१९५ राहतात, हा पूर्ण वर्ग नाही. एक वाढवा. ३७०५ चा वर्ग १३७२७०२५, वजा केल्यावर ९६०४, आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग! झालं की काम, दुसऱ्याच फटक्यात. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी हे आपण शाळेत घोकलेलंच आहे, तर ३७०५ मध्ये ९८ मिळवले की ३८०३, वजा केले की ३६०७, आणि दोन्ही मूळ. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच हे इतकं पटकन जमतं बरं का, लांब असले तर दमवतं.

म्हणजे तुमची संख्या झाली २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३. आणि कॅल्क्युलेटर हातात आहेच तर शेवटचं शून्य काढून १२३४५६७८९ ला ८ नं गुणा, त्यात ९ मिळवा, तेच आकडे उलटे उभे राहतात : ९८७६५४३२१.