तुमचे प्रश्न : बातमी आणि सोबतच्या दोन ओळी

प्रश्न : सकाळी पेपरात एखादी तरी बातमी डोळ्यांत पाणी आणते. हमालाच्या मुलीला सरकारी नोकरी लागली, तरुण मुलगा गेल्यावर आईवडिलांनी त्याचे अवयव दान केले. मी ती लगेच टोरांटोतल्या मुलीला पाठवतो. पूर्वी ती फोन करून बोलायची, आता नुसता अंगठा येतो. तिला काही वाटेनासं झालंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी घड्याळ बघा. साताऱ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. ऑफिस, स्वयंपाक, भांडी उरकून ती जरा टेकते, त्याच वेळी मन हलवणारी बातमी येऊन पडते. त्या वेळी अंगठ्याहून जास्त काही होत नाही. शनिवारी संध्याकाळी सातला पाठवून पाहा. तिच्याकडे तेव्हा सुट्टीची सकाळ असते, साडेनऊ किंवा साडेआठ.

रोज पाठवू नका. आठवड्यातून एकच, तीही निवडून. रोज येणारी बातमी ‘बाबांचा रोजचा मेसेज’ होऊन बसते आणि मग त्यातली खरोखर महत्त्वाची बातमीही न उघडता राहते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत स्वतःच्या दोन ओळी लिहा. ‘नक्की वाच’ आणि हात जोडलेलं चित्र एवढ्यावरून तुम्हाला नेमकं काय भिडलं ते तिला कळत नाही. असं लिहून बघा : ‘अवयवदानाच्या बातमीत ते वडील सही करताना थांबले, ते वाचून आजीचे डोळे दिले तो दिवस आठवला. त्या रात्री आपल्याकडे कोण कोण आलं होतं गं?’ यात बातमीतली एक नेमकी जागा आहे, दोघांची सामायिक आठवण आहे आणि एका वाक्यात उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. ‘तुला काय वाटलं?’ विचारू नका, ते परीक्षेसारखं होतं आणि उत्तर उद्यावर जातं.

पाठवण्यातही गोम आहे. ई-पेपरची लिंक बऱ्याचदा लॉगिन मागते. पूर्ण पानाचा फोटो मोबाइलवर वाचता येत नाही. पेपर खिडकीशी सपाट ठेवा, फोन कागदाला समांतर धरा आणि एकेका रकान्याचा फोटो काढा. एका फोटोत पेपरचं नाव आणि तारीख येऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे बातमी स्वतः वाचून व्हॉइस मेसेज करा. तीनशे शब्दांना साधारण तीन मिनिटं लागतात. ती पोळ्या लाटतानाही ऐकू शकेल, आणि तुमचा आवाज कुठे अडखळला तेही तिला ऐकू जाईल.

प्रश्न : नोकरीमुळे दर पंधरा दिवसांनी नागपूर–पुणे रात्रीच्या बसने जातो. आई अपघातांचे व्हिडिओ पाठवते. ते बघवत नाहीत. नको म्हटलं तर तिला लागेल.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटलेली बस नागपूरहून पुण्यालाच निघाली होती. पंचवीस प्रवासी गेले. तुमच्या आईची भीती हवेतली नाही. तिला विचारायचंय, ‘तू कसा जातोस?’ त्याचं उत्तर ती मागण्याआधीच द्या : बसचा नंबर, निघायची वेळ, संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठे आहे, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का. पोहोचल्यावर फोन कराच.

व्हिडिओबद्दल बोलायचं ते लिहून नको आणि व्हिडिओ आल्या आल्या तर मुळीच नको. दोन दिवसांनी फोनवर सांगा : ‘आई, असलं बघितलं की मला बसमध्ये झोप लागत नाही. तू वाचलंस की मला फोन करून सांग.’ व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करून ठेवा.

आणखी एक. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. असा फोटो घरच्या ग्रुपवरही टाकू नका.

प्रश्न : वडील आजारी मुलांच्या मदतीची आवाहनं पाठवतात आणि पैसेही भरतात. खरं-खोटं कसं ओळखायचं? त्यांना सांगायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मेसेजवर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. फोटो गुगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बहुतेकदा तिथेच उघडा पडतो. तारीख नसलेलं आवाहन संशयास्पद धरा. रुग्णालयाला फोन करायचा तो त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरवर, मेसेजमधल्या नव्हे. यूपीआयचा पिन टाकण्याआधी दिसणारं नाव वाचा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

यात कंटाळा करू नका. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसं मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली.

वडिलांना ग्रुपवर खोटं पाडू नका. वेगळा फोन करून म्हणा : ‘बाबा, हा फोटो जुना निघाला. द्यायचेच असतील तर आपण दोघं मिळून रुग्णालयाच्या खात्यात थेट भरू.’ आणि खरंच सोबत बसून भरा.

प्रश्न : आईने वर्षानुवर्षं माझ्यासाठी कापून ठेवलेली कात्रणं पिवळी पडून तुटायला लागली आहेत.
– एक वाचक, पणजी

उत्तर : वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे उजेडात तो पिवळा आणि ठिसूळ होतो. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपचा डाग कायमचा राहतो. आधी ३०० डीपीआयवर (स्कॅनच्या सेटिंगमधली स्पष्टता) स्कॅन करा, मग आम्लविरहित कागदाच्या पाकिटात कोरड्या, अंधाऱ्या जागी सपाट ठेवा. ‘हे का कापलंस?’ असं आईला एकेका कात्रणाबद्दल विचारून ते रेकॉर्ड करा आणि त्या फाइलला कात्रणाचाच क्रमांक द्या.