टॉवेलच्या होलसेल साइटला मायक्रोसर्व्हिसेस लागतात का?

भावा, तुझा प्रश्न वाचला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांसाठी होलसेल ऑर्डरची साइट करताय, टीम तिघांची, आणि दिवाळीआधी लोड आला तर साइट झोपायला नको म्हणून आत्ताच आठ मायक्रोसर्व्हिसेस (एकाच साइटचे स्वतंत्र चालणारे तुकडे) आणि ते सांभाळणारं कुबरनेटिस घालायचं म्हणतोयस. घालू नको. एकच अ‍ॅप ठेव, आत मॉड्यूल नीट पाड, ऑर्डरच्या कोडनं स्टॉकच्या टेबलला परस्पर हात लावायचा नाही, स्टॉकवाल्याचं फंक्शन बोलवायचं, एवढी शिस्त ठेवली की उद्या एखादा भाग वेगळा काढायची वेळ आलीच तर काढता येतो. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्याच टीमनं 2023 मध्ये लिहिलं होतं की त्यांचं व्हिडिओ क्वालिटी तपासायचं टूल सर्व्हरलेस (स्वतः सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर चालणाऱ्या) तुकड्यांतून एका प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च 90 टक्क्यांनी उतरला. अख्ख्या प्राइमचा नाही हां, त्या एका टूलचा, लोकं पुढं सांगताना हे गाळतात.

लोड आला की आधी रडतो तो डेटाबेस. अ‍ॅपच्या कॉप्या वाढवणं काही अवघड नाही, फक्त लॉगिन सेशन आणि मालाचे फोटो त्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवू नको. पण गड्ड्याच्या यात्रेत पाळणे वाढवले आणि तिकिटाची खिडकी एकच ठेवली तर रांग कुठं लागणार? पोस्टग्रेस या डेटाबेसची डिफॉल्ट मर्यादा 100 कनेक्शनची असते. तुझ्या अ‍ॅपच्या 4 कॉप्या, प्रत्येकीचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) 30 चा, झाले 120, मग लॉगमध्ये 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' यायला लागतं आणि घाबरून माणूस अजून दोन कॉप्या चढवतो, की झालंच. पूल लहान कर नाहीतर मध्ये थोडी कनेक्शनं सगळ्यांना वाटून देणारा पीजीबाउन्सर बसव. त्याच्याही आधी स्लो क्वेऱ्या शोधून काढ, वेळ कुठं जातो ते दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावून बघ, बऱ्याचदा एका इंडेक्सवर काम भागतं.

आता तुझ्या धंद्यातली खरी मेख, स्टॉक. एका डिझाइनचे 50 डझन शिल्लक आहेत आणि दोन व्यापाऱ्यांनी एकाच वेळी 40-40 डझन टाकले. कोड आधी शिल्लक वाचून मग वजा करून लिहीत असेल तर दोघांनाही 50 दिसतात, दोघांच्याही ऑर्डरी कन्फर्म, आणि शिव्या कारखानदार खातो. म्हणून अपडेट क्वेरीतच अट घाल, शिल्लक 40 किंवा जास्त असेल तरच 40 वजा कर, किती रो (टेबलातल्या ओळी) बदलल्या ते बघ, शून्य आलं तर 'माल संपला' दाखव. हेच स्टॉक आणि ऑर्डर वेगवेगळ्या सर्व्हिसमध्ये, वेगवेगळ्या डेटाबेसवर टाकलंस तर एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) होणारं काम सागा (टप्प्याटप्प्यानं करायचं, फसलं की मागचे टप्पे फिरवायचे), रिट्राय, उलटी एंट्री असल्या भानगडीत जातं. तिघांत हे कोण सांभाळणार?

बिलाची पीडीएफ, एसएमएस, ट्रान्सपोर्टवाल्याला मेसेज हे ऑर्डरच्या रिक्वेस्टमध्ये करत बसू नको, जॉब क्यूत (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाक. क्यूसाठी काफ्कासारखी वेगळी मोठी सिस्टीम नको, पोस्टग्रेसमधलंच एक टेबल आणि स्किप लॉक्ड (दुसऱ्यानं धरलेली रो सोडून पुढची घ्यायची) पुरतं. पेमेंट गेटवेचा वेबहुक (पेमेंट झाल्याचा आपोआप येणारा निरोप) दोनदा येऊ शकतो, तेव्हा पेमेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणारी अट) लाव, नाहीतर एकाच पेमेंटची नोंद दोनदा पडेल. फोटो सीडीएनवर, म्हणजे ते गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवरून जातात.

आणि बॅकअपचं तू काहीच लिहिलं नाहीस. रोजचा लाव, आणि एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघ, दिवाळीच्या आधी.