समुद्र तापला की सी अर्चिन वाढतात का?

प्रश्न : बाई, माझी भाची ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्टला शिकते. तिथले पाणबुडे समुद्रातून काटेरी सी अर्चिन वेचून काढतात, काही तर तळाशीच फोडून टाकतात आणि सरकार त्यासाठी पैसा देतं, असं ती सांगते. समुद्र तापला म्हणून हे प्राणी फार वाढले म्हणे. पण गरम पाण्याने प्राणी मरायला हवेत, वाढतील कसे? आणि मुक्या जिवाला असं मारणं बरोबर आहे का? आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावरही हे होईल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तुमच्या भाचीने सांगितलं ते खरं आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. गरम पाण्याने अर्चिन मरतातही. अर्चिन कुठल्या जातीचा, पाणी कुठलं आणि त्याला खाणारं तिथे कोणी उरलंय का, हे पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. कॉलेजात शिकवत होते तेव्हा मी मुलांना ओख्याला नेत असे. ओहोटीला खडकाच्या कपारीत अर्चिन सापडला की तो हलक्या हाताने उचलून समुद्राचंच पाणी भरलेल्या थाळीत उलटा ठेवायचा. मधोमध तोंड आणि त्यात एकमेकांना टेकलेले पाच दात. थोड्या वेळाने काट्यांमधून दोऱ्यासारखे बारीक पाय बाहेर येतात, टोकाच्या चोषकांनी थाळीला चिकटतात आणि तो सावकाश सुलटा होतो. तेवढा वेळ मुलं थाळीपासून हलत नसत. ते दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे खडकावरचं शेवाळ खरवडून ते झिजले तरी त्याचं अडत नाही. समुद्रात चरणारा साधा प्राणी आहे हा.

टास्मानियात पसरलेला लांब काट्यांचा अर्चिन मूळचा उत्तरेकडच्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याचा. त्याच्या सूक्ष्म अळ्या आठवडेच्या आठवडे पाण्याबरोबर वाहत असतात आणि हिवाळ्यात पाणी 12 अंशांच्या खाली गेलं तर त्या नीट वाढत नाहीत. टास्मानियाला त्या थंडीचंच कुंपण होतं. पूर्व ऑस्ट्रेलियाचा उष्ण प्रवाह दक्षिणेला जास्त जोराने पोहोचू लागला, अळ्याही त्यानेच आणल्या आणि त्या जगतील एवढी ऊबही. तिथे हा अर्चिन पहिल्यांदा 1978 मध्ये दिसला. म्हणजे सगळा दोष समुद्रातल्या एखाद्या उष्णतेच्या लाटेचा नाही. वर्षानुवर्षं चढत गेलेल्या तापमानावर या लाटा येतात. त्या जागी, वर्षाच्या त्या दिवसांत, 30 वर्षांच्या नोंदींपैकी 90 टक्के नोंदींहून पाणी गरम असलं आणि ते किमान सलग 5 दिवस तसंच राहिलं, तर त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. टास्मान समुद्रात 2015-16 मध्ये अशी एक लाट 251 दिवस टिकली.

लाटेचा मोठा घाव बसतो तो अर्चिनच्या अन्नावर आणि त्याच्या शत्रूवर. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं उत्तर कॅलिफोर्नियात. केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाची तिथे जंगलंच्या जंगलं होती. जांभळे अर्चिन कपारीत बसून वाहत आलेले केल्पचे तुकडे खायचे. बाहेर पडले तर सूर्यफूल-तारामासा त्यांना गिळायचा. तो वीसेक हातांचा, मीटरभर रुंद होणारा शिकारी. 2013 पासून तारामाशांमध्ये अंग झडण्याचा रोग पसरला आणि पाठोपाठ 2014 ते 2016 पाणी तापलेलं राहिलं. केल्पला थंड आणि पोषक क्षारांनी भरलेलं पाणी लागतं, ते मिळेना. वाहून येणारे तुकडे बंद झाले, शिकारी जवळपास नाहीसा झाला आणि भुकेले अर्चिन कपारी सोडून उभं केल्प खात सुटले. सुमारे 350 किलोमीटर किनाऱ्यावरचं 90 टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. त्यावर जगणारे ॲबलोनी शंख इतके उपाशी मेले की 2018 मध्ये ते धरायलाच बंदी आली. गंमत नव्हे, मला याचं अजून वाईट वाटतं. दक्षिण कॅलिफोर्नियात मात्र गरम वर्षांत याच जांभळ्या अर्चिनची नवी पिल्लं कमी येतात. जात तीच, पण गरम पाण्याचा परिणाम उलटा.

जंगल संपलं की अर्चिन तरी उपाशी मरतील, असं वाटेल. तसं होत नाही. आतून पोकळ होऊन ते वर्षानुवर्षं तग धरतात आणि उगवणारा प्रत्येक कोंब खातात. जंगल उजाड करायला जितके अर्चिन लागतात, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे उरले तरी ते उजाडच राहतं. म्हणून टास्मानियातले पाणबुडे थोडेथोडके काढून थांबत नाहीत.

मारणं बरोबर का, हे तुम्ही विचारलंत ते मला आवडलं. एका अर्चिनच्या जिवासमोर त्या जंगलातले मासे, शंख, खेकडे यांचे जीव ठेवले, तर मी वेचणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण टास्मानियात हे अर्चिन फोडून खाणारी मोठी शेवंडं (लॉबस्टर) माणसाने आधीच पकडून कमी केली होती. शेवंडांना पुन्हा मोठं होऊ देणं हे खरं काम. त्याशिवाय दरवर्षी पाणबुडे उतरवत राहावं लागेल. भाचीला तिथल्या शेवंडांविषयी जरूर विचारा.

आता आपला किनारा. कच्छच्या आखातात थंड पाण्याची केल्पची जंगलं नाहीत, त्यामुळे तीच गोष्ट इथे घडणार नाही. आपल्याकडे प्रवाळ आहेत, आणि प्रवाळांमध्ये अर्चिन उपकारी ठरतात. कॅरिबियन समुद्रात 1983-84 मध्ये रोगाने काळे अर्चिन मेले, तेव्हा चरायला कोणी न उरल्याने शेवाळ माजून प्रवाळ गुदमरले. आपल्या प्रवाळांना थेट धोका उष्णतेचाच आहे. 2020 च्या उन्हाळ्यात तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातले बहुतेक प्रवाळ पांढरे पडले. अरबी समुद्रासह पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा वाढत चालल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. लाट आली की मध्य भारतातला पाऊस कमी होण्याकडे कल दिसतो, हेही त्यांनीच मांडलं. तेव्हा किनाऱ्यापासून लांब, इंदूर-ग्वाल्हेरला राहणाऱ्या वाचकांनीही हे उत्तर आपल्यासाठीच आहे असं समजावं.