रंगीत टोपोशीट जिओरेफरन्स केल्यावर रंग बिघडले आणि शीट सरकली, तर

तुम्ही लिहिलंय की पुण्याची जुनी ४७ एफ/१४ टोपोशीट (सर्व्हेचा छापील नकाशा, १:५०,००० वाला) स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स केली, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवली, तर हिरवा भाग जांभळट ठिपक्यांचा झाला आणि संगमाजवळचा रेल्वे पूल सॅटेलाइट इमेजपासून शंभरेक मीटर बाजूला पडला. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

रंगाचं सोपं आहे. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये बँड (रंगाचा थर) एकच दिसतोय ना? मग ती पॅलेटवाली इमेज आहे, म्हणजे पिक्सेलमध्ये रंग नसतो, रंगाचा नंबर असतो, आणि क्युबिक रिसॅम्पलिंग (शेजारच्या पिक्सेलवरून नवा पिक्सेल काढायची पद्धत) त्या नंबरांचंच गणित करतं, त्यामुळे १२ नंबरचा हिरवा आणि ४० नंबरचा तपकिरी यांच्यामध्ये २६ नंबरचा भलताच रंग येऊन बसतो. आधी रास्टर मेनूतल्या कन्व्हर्जनमधून पीसीटी टू आरजीबी (नंबरांचे खरे रंग करणारं टूल) चालवा आणि ती तीन बँडची टिफ जिओरेफरन्सरमध्ये उघडा. त्याच्या सेटिंगमधली शून्य व्हॅल्यू ट्रान्सपरंट करायची टिक मात्र काढून टाका, नाहीतर काळ्या अक्षरांना भोकं पडतात.

आता सरकण्याचं, खरी गोम इथे आहे. या जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती माप) काढलेले आहेत, जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ वर नाहीत. तुम्ही कोपऱ्यावरचे ७३°४५' आणि १८°३०' वाचून ते सरळ ४३२६ (डब्ल्यूजीएस ८४ चा कोड) मध्ये टाकले असणार, आणि पुण्याच्या आसपास तेवढ्यानेच शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. मी एकदा अशाच शीटवरून जुन्या विहिरी शोधायला गेलो होतो, जीपीएस म्हणत होता इथेच, आणि मी उसात उभा, विहीर ओढ्याच्या पलीकडे. तेव्हापासून पॉइंट (स्कॅनवरची खूण आणि तिचे अक्षांश-रेखांश यांची जोडी) टाकताना सीआरएस, म्हणजे ते आकडे कोणत्या मापपद्धतीतले आहेत ते, दोनदा बघतो. पॉइंटसाठी ४१४६ (कल्याणपूर १९७५) निवडा, टार्गेट ३२६४३ (डब्ल्यूजीएस ८४ वरचा यूटीएम झोन ४३ उत्तर, मीटरमधला) ठेवा, क्यूजीआयएसच्या ३.२६ पासूनच्या व्हर्जनमध्ये पॉइंटचा सीआरएस वेगळा देता येतो. ट्रान्सफॉर्मेशन (जुन्या मापातून नव्यात न्यायचं सूत्र) विचारलं तर २९५, ७३६, २५७ या आकड्यांचं घ्या. आणि एक्स म्हणजे रेखांश, इथे भलेभले चुकतात.

थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा रबरासारखा ताणून बसवायची पद्धत) वापरून एरर, म्हणजे पॉइंट किती हुकले तो आकडा, शून्य आली असं म्हणताय, पण त्यावर अजिबात विसंबू नका. तो प्रत्येक पॉइंटमधून जबरदस्तीने जातोच, त्यामुळे एखादा पॉइंट चुकला तरी एरर शून्यच दिसणार आणि नकाशा मात्र तिथे पिळवटून जाणार. शीटवर दर ५ मिनिटांच्या खुणा असतात, म्हणजे ४ गुणिले ४ असे १६ पॉइंट मिळतात, ते सगळे घ्या आणि पॉलिनोमियल १ (सगळी शीट एकसारखी सरकवणारी, फिरवणारी, ताणणारी पद्धत) लावून बघा. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) स्कॅनला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सव्वाचार मीटर, तेव्हा दोन-तीन पिक्सेलची एरर ठीक आहे. एकच पॉइंट १५ पिक्सेल दाखवत असेल तर तो झूम करून परत लावा, डिलीट करायची घाई नको. सगळेच एका बाजूला वाकलेले दिसले तर कागद स्कॅनरमध्ये ताणला गेलाय किंवा घडीवर उचललाय, अशा वेळी वाक सावरणारं पॉलिनोमियल २ लावा (त्याला किमान ६ पॉइंट लागतात).

शेवटी तपासताना पॉइंट न घेतलेली जागा बघा, तुमचा तो रेल्वे पूल चांगला आहे, नदीच्या काठावर जाऊ नका, काठ बदलतो. पॉइंटची फाईल सेव्ह करून ठेवा आणि परत जमलं नाही तर एररच्या टेबलचा स्क्रीनशॉट टाका, मी बघतो.