चार्ज घेतलाय, आता स्मार्ट क्लासचं काय?

मॅडम, गगनबावड्याकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतलाय, तर लगेच स्मार्ट टीव्हीच्या कोटेशनमागे लागू नका. आधी वर्गात मागच्या बाकावर बसा. मुलं कुठल्या घटकाला अडतात ते शिक्षकांना विचारा आणि तेवढ्यापुरतंच साधन शोधा. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतात. त्यातलं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवा. आपल्याकडच्या पावसात लाइट आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे साधन वापरून एक तास तुम्ही स्वतः घ्या, शिक्षकांना मागे बसवून. मुख्याध्यापकच हात लावत नसतील तर परिपत्रकं कितीही काढा, काही हलत नाही. ज्येष्ठ गुरुजींना सगळ्यांदेखत ॲप चालवायला लावू नका, मन दुखावतं. त्यांची तरुण शिक्षकाशी जोडी लावा: एकाला विषयाची जाण, दुसऱ्याला मोबाइलची. अशा जोडीला आठवड्यातून एक तासिका मोकळी द्याच. वेळापत्रक तुमच्या हातात आहे, आणि माझ्या मते खरं नेतृत्व तिथेच दिसतं.

दुरुस्तीच्या खर्चाचा विषय खरेदीच्या आधीच शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. तिथे ७५ टक्के पालकच असतात, आणि वायरिंग जाणणारा एखादा त्यांच्यातच निघतो.